म्हापशाचे डॉक्टर

वसईच्या किल्ल्याची गोष्ट आजोबा सांगायचे, तेव्हा ती मे 1739 मध्ये संपत नसे. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गलबतांत बसून निघाले, इथवर आलं की ते म्हणायचे, "गेले कुठं? गोव्यात. तिथून उठायला त्यांनी आणखी सव्वादोनशे वर्षं घेतली!" मग किल्ला मागे पडायचा आणि डॉक्टर गायतोंड्यांची गोष्ट सुरू व्हायची.

आजोबांची पानवेलीची वाडी होती. पानं घेऊन ते पहाटेच्या गाडीनं मुंबईला जात. गोव्याच्या बातम्या त्यांना तिथं, धोबीतलावाकडच्या गोवेकरांच्या तोंडून कळत.

डॉ. पुंडलिक गायतोंडे काणकोणजवळच्या पाळोळ्याचे, जन्म 1913 चा. वैद्यकीचं शिक्षण लिस्बनला झालं. पत्नी एडिला मूळच्या अझोर्स बेटांवरच्या. गोव्यात परतल्यावर ते म्हापशाला शस्त्रक्रिया करू लागले. "त्यांना पोर्तुगीज माणसाचा राग कसा असेल? घरची लक्ष्मीच तिकडची!" आजोबा हे मुद्दाम सांगत.

पोर्तुगालमधल्या सालाझारच्या सरकारनं 1951 मध्ये वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' हे नाव दिलं होतं. गोवा म्हणजे पोर्तुगालच, हा त्यामागचा दावा. फेब्रुवारी 1954 मध्ये म्हापशाच्या एका मेजवानीत कुणीतरी भाषणात तोच दावा केला. डॉक्टर म्हणाले, "मी निषेध करतो." त्यांना अटक झाली, पोर्तुगालला नेलं गेलं, लिस्बनच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

आजोबांचा आवाज इथं चढायचा. आजी मात्र दरवेळी एकच विचारायची, "आणि त्यांचे पेशंट? त्यांना कुणी बघितलं?"

आजोबांकडे उत्तर नसे. आजीच्या लहानपणी गावात बाळंतपण अडलं, तर बैलगाडीत घालून बाईला न्यावं लागे. डॉक्टर हाताशी असणं म्हणजे काय, हे तिला आजोबांपेक्षा जास्त कळत होतं. तिचा प्रश्न मला पुढंही सुटला नाही. पण त्यातच या गोष्टीचं मर्म आहे, असं मला वाटतं. ते शब्द एखाद्या पुढाऱ्यानं उच्चारले असते, तर सरकारनं नेहमीची कारवाई केली असती आणि लोक विसरले असते. इथं ते बोलले होते ज्यांच्या हाती लोकांनी आपली माणसं सोपवली होती, असे डॉक्टर. भाषणं न ऐकणाऱ्या घरांनाही हा माणूस खोटं बोलणार नाही, हे माहीत होतं. सत्तेला भय होतं ते या विश्वासाचं.

पुढच्या वर्षी, 17 फेब्रुवारी 1955 ला, या अटकेच्या स्मरणार्थ गोव्यात सत्याग्रह झाला. सुटका झाल्यावर डॉक्टर भारतात आले आणि गोव्याची बाजू परदेशातही मांडत राहिले. दरम्यान आमच्या वसईच्याच उत्तरेला, तलासरीपलीकडे, पोर्तुगीजांच्याच ताब्यातली दादरा आणि नगर हवेली 1954 मध्येच मुक्त झाली होती. गोवा डिसेंबर 1961 मध्ये मुक्त झाला. पुढच्या वर्षी गायतोंडे गोव्याचे नामनियुक्त खासदार म्हणून लोकसभेत गेले. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत मात्र लोकांनी भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्ता दिली, आणि गोव्याचं राजकारण वेगळ्या वाटेनं गेलं.

खासदारकी थोड्या काळाची ठरली म्हणून डॉक्टरांचं राजकारण लहान ठरत नाही. आजही गावोगावचे डॉक्टर निवडणुकीला उभे राहतात, रुग्णांनी दिलेली ओळख मतांसाठी वापरतात. गायतोंड्यांनी ती ओळख पणाला लावली, तीही समोर मतपेटी नसताना. आजीनं विचारलेली किंमत खरीच होती. म्हापशाच्या रुग्णांनी ती मोजली. म्हणून हा निषेध एकट्या डॉक्टरांचा मानू नये. त्यांच्या दारात पुन्हा येऊन माघारी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचाही त्यात वाटा आहे, आणि गोव्याच्या मुक्तीची गोष्ट सांगताना तो सांगितलाच पाहिजे.