मृत्यू, प्रणय की शेवट? कथालेखकांचा सर्वाधिक कस लागतो तो कोणत्या प्रसंगांत?

एका कादंबरीचं शेवटचं पान किती वेळा लिहावं लागू शकतं? 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं, असं अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५८ साली 'द पॅरिस रिव्ह्यू'च्या मुलाखतीत सांगितलं होतं. २०१२ मध्ये या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात या शेवटाचे तब्बल ४७ पर्याय छापण्यात आले. घडणार काय, हे हेमिंग्वेंना ठाऊक होतं. प्रसूतीनंतर नायिकेचा मृत्यू होतो आणि नायक एकटा उरतो. प्रश्न होता तो हे सांगायचं कसं आणि थांबायचं कुठे, याचा.

काही प्रसंग जवळजवळ प्रत्येक कथालेखकाला असेच अडवतात. ते कोणते आणि का?

१. जवळच्या पात्राचा मृत्यू

इथे वाचकाला वाईट वाटणार हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे लेखक एकतर जास्त रडवायला जातो किंवा घाईने प्रसंग उरकतो.

चार्ल्स डिकन्स यांच्या 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधली छोटी नेल हे याचं गाजलेलं उदाहरण. १८४०-४१ मध्ये ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. नेलला मारू नका, अशी पत्रं वाचक पाठवत होते. खुद्द डिकन्सही हा प्रसंग लिहायचं टाळत होते. त्यांची मेहुणी मेरी १८३७ मध्ये अवघ्या १७ व्या वर्षी गेली होती आणि नेलबद्दल लिहिताना ती जखम पुन्हा उघडी पडत होती. त्या काळचे वाचक नेलसाठी ढसाढसा रडले. नंतरच्या अनेक समीक्षकांना मात्र तोच भाग अतिभावुक वाटला.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी वेगळी वाट धरली. त्यांची आई गेली तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. 'टू द लाइटहाउस' (१९२७) मधल्या मिसेस रॅमझी या आईवरूनच बेतलेल्या आहेत. पण त्यांचा मृत्यू कादंबरीत येतो तो कंसातल्या एका वाक्यात. वाचक चमकून मागे जातो आणि ते वाक्य पुन्हा वाचतो.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'मधला (१९६३) मनीचा मृत्यू अनेक वाचकांच्या मनातून जात नाही. देवीने गेलेल्या धाकट्या बहिणीबद्दल पांडुरंग सांगवीकर आपल्या रोजच्या बोलण्यात सांगतो. भाषा सजवलेली नसल्यामुळेच दुःख थेट पोहोचतं.

२. शरीरसंबंध

प्रणयप्रसंगात थोडा तोल गेला तरी वाचकाला हसू येतं. ब्रिटनमधलं 'लिटररी रिव्ह्यू' मासिक १९९३ पासून कादंबऱ्यांतल्या वाईट प्रणयवर्णनासाठी चक्क एक पुरस्कार द्यायचं. २००७ मध्ये तो नॉर्मन मेलर यांच्यासारख्या दिग्गज लेखकाला, तोही मरणोत्तर, मिळाला!

मराठी लेखकापुढे आणखी एक अडचण असते, ती शब्दांची. एका बाजूला संस्कृतप्रचुर शब्द, दुसऱ्या बाजूला शिव्या, तिसरीकडे डॉक्टरी भाषा. दोन माणसांच्या जवळिकीसाठी सहज, घरगुती शब्द फार थोडे.

शिवाय कायद्याची भीती. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कादंबरी १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले.

३. गर्दी

लग्न, जत्रा, सभा, मारामारी. प्रत्यक्षात सगळं एकाच वेळी घडतं, पण कागदावर एका वेळी एकच वाक्य येतं. गुस्ताव्ह फ्लोबेर यांना 'मादाम बोव्हारी'मधल्या कृषी प्रदर्शनाच्या प्रसंगासाठी १८५३ मध्ये कित्येक महिने लागले. खाली शेतीवर भाषणं चालली आहेत, वर खोलीत रोदोल्फ एमाला प्रेमाच्या जाळ्यात ओढतो आहे. फ्लोबेर यांनी दोन्ही आवाज आळीपाळीने ऐकवले. त्याच्या शपथांमध्ये शेणखताचं बक्षीस जाहीर होतं आणि त्या शपथांचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो.

४. काहीच न घडणारा काळ

हे वाचून नवल वाटेल, पण 'मध्ये दहा वर्षं गेली' हे लिहिणं खुनापेक्षा अवघड असू शकतं. 'टू द लाइटहाउस'च्या मधल्या भागात घर रिकामं आहे, माणसं नाहीत, फक्त काळ सरकतो. हा भाग लिहायला सर्वांत कठीण असल्याची नोंद वुल्फ यांनी १९२६ च्या डायरीत केली आहे. मिसेस रॅमझींच्या मृत्यूचा तो कंस याच भागात येतो.

५. शेवट

शेवट फसला तर वाचकाला आधीची तीनशे पानंही फुकट गेल्यासारखी वाटतात. डिकन्स यांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा उदास शेवट लेखकमित्र एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या सल्ल्यावरून छपाईआधी बदलला. योग्य शेवट कोणता, यावर आजही वाद होतो.

मग या सगळ्यांत समान काय?

या प्रसंगांत लेखकाला एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहावं लागतं. भावनेच्या आतही आणि बाहेरही. एमाने विष घेतल्याचा प्रसंग लिहिताना आपल्याच तोंडात आर्सेनिकची चव आली आणि उलट्या झाल्या, असं फ्लोबेर यांनी पत्रात लिहिलं आहे. पण कादंबरीत त्यांनी स्वतःची व्यथा मांडली नाही. एमाच्या तोंडाला शाईसारखी चव येते, एवढं मात्र नेमकं टिपलं.

म्हणूनच समाजमाध्यमांवर कथा लिहिणाऱ्यांनीही एखाद्या प्रसंगापाशी अडल्यास लगेच खचून जाऊ नये. 'तिला किती दुःख झालं' हे लिहिता येत नसेल, तर त्या क्षणी तिच्या हातात काय होतं, एवढं लिहून पाहावं.