गिरणीचा दगड आणि गाडीचं चाक

गाडीने ऐंशीचा वेग ओलांडला की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि टायरवाला सांगतो, "बॅलन्सिंग करून घ्या." चाक मशीनवर चढतं, गरगर फिरतं, पडद्यावर आकडे उमटतात, रिमवर दोन-चार वजनं ठोकली जातात. आपण पैसे देऊन निघतो. नेमकं काय झालं ते कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

पण हे काम घरी, गॅरेजच्या कोपऱ्यात करणारी हौशी मंडळी जगभर आहेत, विशेषतः मोटारसायकलवाली. त्यांची साधनं बघून पुष्कळांना हसू येतं. मला मात्र त्या साधनांमागचा इतिहास फार गमतीचा वाटतो.

आधी थोडं गणित. रिमवर एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ताशी १०० किमी वेगाला साधारण मोटारीचं चाक सेकंदाला १४-१५ फेरे घेतं. तेव्हा हे ३० ग्रॅम चाकाला साडेचार किलोच्या आसपास जोराने बाहेर ओढतात, आणि ओढण्याची दिशा प्रत्येक फेऱ्यात फिरत राहते! वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणून गावात गाडी गुणी असते आणि हायवेवर थरथरते.

आता मोटारीच्या आधीच्या काळात जाऊ. युरोप-अमेरिकेतल्या पाणचक्क्यांमध्ये पिठाचा वरचा दगड साधारण चार फूट व्यासाचा असे आणि मिनिटाला शंभरावर फेरे घेई. तो एका टोकदार खुंटावर तोललेला असायचा. एक बाजू जड असली तर दगड कलायचा, खालच्या दगडाला घासायचा आणि पिठात कच यायची. मग गिरणीवाला हलक्या बाजूला वरून शिसं ओतून दगड समतोल करायचा.

पण खरी गोम पुढेच होती. उभा असताना अगदी समतोल असलेला दगड फिरायला लागला की पुन्हा एका बाजूला कलू शकतो! कारण एका बाजूचं जड अंग दगडाच्या वरच्या थरात आणि समोरचं खालच्या थरात असेल, तर स्थिर असताना दोन्ही एकमेकांना फेडतात. फिरताना मात्र दोन वेगळ्या पातळ्यांवरून विरुद्ध दिशांना ओढतात. म्हणून स्थिर तोल वेगळा आणि फिरता तोल वेगळा, हे जाणत्या गिरणीवाल्यांना ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात दगडाच्या पाठीत लोखंडी डब्या बसवून त्यातली वजनं खाली-वर सरकवायची सोयही निघाली.

मोटारीला हा प्रश्न जरा उशिरा भेटला. सुरुवातीचे टायर अरुंद आणि कडक हवेचे, वेगही बेताचा. १९२३ मध्ये फायरस्टोनने कमी हवेचे, जाडजूड 'बलून' टायर आणले. बसणाऱ्याला आराम झाला, पण पुढची चाकं डावी-उजवीकडे नाचू लागली. या नाचाला त्या काळच्या एका नाचावरूनच 'शिमी' नाव पडलं. त्याची कारणं अनेक होती आणि तोल गेलेलं चाक हे त्यातलं एक. दोन्ही पातळ्यांवरचा तोल मोजणारं यंत्र तोवर जर्मनीत होतं. डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कारखान्याने फ्रांत्स लावाचेक यांच्या शोधावरून ते आणलं होतं, पण ते मोठ्या यंत्रांच्या फिरत्या भागांसाठी.

साध्या गॅरेजांनी मग काय केलं? चाक आडवं करून एका टोकावर ठेवलं आणि मध्ये पाणसळीसारखा बुडबुडा बसवला. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत वजनं ठेवायची. म्हणजे गिरणीचाच दगड की हो हा! हे बुडबुड्याचं साधन घरगुती वापरासाठी आजही विकत मिळतं. मोटारसायकलवाल्यांची रीत याहून सोपी. दोन आधारांवर सळई, सळईत चाक. जड बाजू आपोआप खाली येते, तिथे खडूची खूण करायची आणि बरोबर समोर चिकटवायचं वजन लावायचं. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं की काम झालं. (सायकलवाला चाकाची 'आउट' काढतो ते वेगळं. तो आकार सरळ करतो, वजन नाही.)

मग घरचं बॅलन्सिंग खरं की खोटं? मोटारसायकलचं चाक अरुंद असतं, त्याला स्थिर तोल बहुतेक वेळा पुरतो. मोटारीचं रुंद चाक मात्र सळईवर शांत बसलं तरी रस्त्यावर डुलू शकतं, कारण आतल्या आणि बाहेरच्या कडेचा हिशोब वेगवेगळा असतो. तिथे मशीनच हवं. साधन गावठी आहे म्हणून हसू नये आणि स्वस्त आहे म्हणून त्याच्यावर सगळं सोपवूही नये.

एक गोष्ट मात्र गिरणीवाल्याकडून घेऊ नये, ती म्हणजे शिसं. ही वजनं वर्षानुवर्षं शिशाचीच असत. ती रस्त्यावर गळून पडतात, चाकांखाली भरडली जातात आणि धुळीत मिसळतात. युरोपीय संघाने १ जुलै २००५ पासून मोटारींसाठी ती बंद केली. आता लोखंडाची आणि जस्ताची मिळतात. जुनी शिशाची वजनं गोळा करून घरी वितळवायची हौसही काहींना असते. घरात लहान मूल असेल तर ही हौस नकोच.

असो. पुढच्या वेळी टायरवाल्याकडे गेलात तर एवढं जरूर विचारा: आतल्या कडेला किती ग्रॅम आणि बाहेरच्या कडेला किती?