फूटस्ट्रॅप : आधार की पायबंद?

१/७
घोडेस्वाराला रिकीब जे देते, तेच लाटेवरच्या स्वाराला बोर्डावरचा पायाचा पट्टा देतो : पाय रोवायला हक्काची जागा. धोकाही तोच. पडताना पाय अडकला, की आधाराचा पायबंद होतो. फॉइल बोर्डावर हा पट्टा असावा की नसावा, या वादाचे मूळ त्याच्या अर्धशतकाच्या इतिहासात आहे.

२/७
हवाई बेटांवर शतकानुशतके लोक सर्फिंग करीत आले. बोर्डावर पालथे पडून हातांनी पाणी कापायचे, लाटेने उचलताच उभे राहायचे आणि पावले मागेपुढे सरकवून तोल सांभाळायचा. पाय मोकळे असणे हीच तिथली गरज होती.

३/७
पट्ट्याची गरज निर्माण केली वाऱ्याने. ओआहू बेटावरील कैलुआ येथे शिडाचे बोर्ड घेऊन लाटांवरून उड्या मारताना बोर्ड हवेतच पायांखालून निसटे. १९७७ च्या सुमारास लॅरी स्टॅन्ली, माइक होर्गन आणि त्यांच्या सोबत्यांनी बोर्डावर पट्टे बसवले.

४/७
मग आले इंजिन. १९९० च्या दशकाच्या आरंभी लेअर्ड हॅमिल्टन, डॅरिक डोअर्नर आणि बझी कर्बॉक्स मोटारबोटीच्या दोरीने ओढले जाऊन अजस्र लाटा गाठू लागले. विंडसर्फिंगमधला पट्टा या लहान, वेगवान बोर्डांवर आला. दोरी धरलेला स्वार लाट येण्यापूर्वीच उभा असतो; पट्ट्यात पाय घालायला त्याला उसंत मिळते.

५/७
फॉइल म्हणजे बोर्डाखाली दांड्याला जोडलेला पंख. वेग मिळताच तो बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो. हॅमिल्टन व त्यांच्या साथीदारांनी आरंभी त्यावर चक्क स्नोबोर्डचे बूट जखडले होते. तेव्हाही वेग पुरवीत होते ते यंत्रच.

६/७
२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमी वेगातही उचलणारे मोठे पंख आले आणि हातांनी पाणी कापत फॉइलवर लाट पकडणे रूढ झाले. येथे पेच पडला. पालथे पडल्यावर पट्टा अंगाखाली रुततो. उठताना न पाहता, एका झटक्यात पाय त्यात शिरवावा लागतो. पाऊल चुकले तर तोल जातो. आणि पडताना धारदार पंखापासून दूर जायचे, तर पाय सुटा हवा. म्हणून अनेक जण पट्टा टाळतात. उंच उड्या घेणाऱ्यांना मात्र तो हवासा वाटतो.

७/७
पट्टा घडला तो आधीच उभ्या असलेल्या स्वारासाठी. हातांनी लाट गाठणारा स्वार मात्र अजून उठायचा असतो. साधनाचा इतिहास वाचताना ते काय देते याबरोबरच ते काय गृहीत धरते, हेही विचारावे.