पाध्ये कुटुंब (शब्दभ्रमकार)

महाराष्ट्रातील बोलक्या बाहुल्यांच्या खेळाची परंपरा जपणारे कुटुंब. जादूगार यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘अर्धवटराव’ हा बाहुला रंगमंचावर आणला. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी 1967 मध्ये जाहीर प्रयोगांना सुरुवात केली. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर अर्धवटराव आणि आवडाबाई ही जोडी घरोघरी पोहोचली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा आणि ‘झपाटलेला’ (1993) चित्रपटातील तात्या विंचू ही रामदास यांचीच निर्मिती.

या कलेत बाहुल्याच्या पाठीतून हात घालून त्याची मान, डोळे व जबडा हलवतात आणि स्वतःचे ओठ न हलवता बोलतात. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. तिथे जिभेने तसा भास निर्माण करावा लागतो. त्यातच कलावंताची खरी कसोटी असते.

रामदास यांच्या पत्नी अपर्णा आणि पुत्र सत्यजित व परीक्षित हेही याच कलेत आहेत.