भट्टीत परत गेलेला इतिहास

ओतकामाचा इतिहास वाचावा, तर हाती लागतात त्या फक्त जमलेल्या वस्तू. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेला प्राचीन ओतीव रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळून साठ किलोंहून जास्त भरतात, तेही भरीव. पण एवढा रस एकसंध ओतायला शिकताना किती ओतणी फसली, याचा मागमूस नाही. फुटक्या मडक्याचे खापर निदान मातीत उरते; बिघडलेले ओतीव काम पुन्हा मुशीत जाते. किर्लोस्करवाडीत १९१० नंतर बिडाचे नांगर ओतले गेले, कोल्हापूरच्या फाउंड्र्या शेतीपंपांच्या इंजिनांवर वाढल्या, तरी रीत तीच राहिली. धातू वाचला, चूक वितळली.

साच्याची वाळू मुठीत दाबून तिची ओल सांगणाऱ्या मोल्डरला तर वही लागतच नव्हती. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हते, पण त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपली, म्हणून १९५२ साली ती छापून आली. मोल्डरचे बोल टिपणारे घरात कोणी नव्हते.

आज दोष ओळखायला शिकवायच्या न्यूरल नेटवर्कला मात्र नेमके हे हरवलेलेच हवे असते: पुष्कळ चुका, प्रत्येक आपल्या नावासह. यावर कोणी म्हणेल, आता कॅमेरा आहे, चुकांच्या नोंदी कशाला? राजकोटजवळच्या शापर येथील एका फाउंड्रीतल्या सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) ७,३४८ छायाचित्रे चांगली-सदोष अशी वेगळी करून खुली झाली आहेतच (त्यांतली बरीच मूळ फोटो फिरवून वाढवलेली, हे मात्र विसरू नये). नेटवर्क छायाचित्रातला दोष हेरते, हे मान्य. पण ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, वाळूच्या ओलीने पडले, कोअरमधल्या (साच्यातल्या आतल्या गाभ्यातल्या) वायूने की थंड पडलेल्या रसाने, हे फोटोत नसते, म्हणून नेटवर्कलाही कळत नाही. सेन्सर लावले की कारणही सापडेल, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तरी चांगल्या फाउंड्रीत गंभीर दोष क्वचितच येतो. त्याची पुरेशी उदाहरणे साठायला वर्षे लागतात, आणि तोवर नापास कास्टिंग त्या दिवशीची ओल, तापमान आणि रसाची घडण न नोंदवताच भट्टीत गेले, तर सेन्सरचे आकडे कोणत्या दोषाशी जोडायचे, हेच उरत नाही.