ईस्टरची बाग, झावळीचा क्रॉस आणि कांद्याच्या सालीतली अंडी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे एकामागून एक लागतात. मिठागरे, खाजण, नारळाची झाडे आणि जुनी आगरी वस्ती अशी त्यांची ओळख. ही गावे मागे पडली की डोंगरी लागते आणि तेथून उत्तन, पाली, चौकपर्यंत चर्चचे मनोरे व घराघरांपुढचे क्रूस दिसू लागतात. साष्टी बेटावर पोर्तुगिजांचा अंमल होता त्या काळात, म्हणजे वसईचा प्रदेश त्यांच्याकडे गेल्यापासून (१५३४) मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत (१७३७), येथील कोळी, आगरी व शेतकरी कुटुंबांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८८७ साली या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले, तरी घरातली बोली मराठीच राहिली. साहजिकच दिवाळी आणि ईस्टर हे दोन्ही सण या रस्त्यावर एकमेकांचे शेजारी आहेत.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपाताची तारीख २१ मार्च मानून त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा नियम असल्याने हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. २०२५ साली तो २० एप्रिलला होता, २०२६ साली ५ एप्रिलला आणि २०२७ साली २८ मार्चला. आपल्या पंचांगाच्या भाषेत बोलायचे तर ईस्टर बहुधा हनुमान जयंतीच्या मागून येतो आणि काही वर्षी होळीच्या. परीक्षा संपत आलेल्या किंवा नुकत्याच संपलेल्या असतात आणि मुलांच्या हातांना काम हवे असते. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची अंडी आणि सशांची चित्रे आणून वेळ भागवता येते. पण घरात, परसात आणि किनाऱ्यावर सहज सापडणाऱ्या वस्तूंतून जे होते, त्याची गंमत निराळी आहे.

किल्ल्याचीच बहीण

ज्या घरात मुलांनी दिवाळीचा किल्ला केला आहे, त्या घराला ‘ईस्टरची बाग’ शिकवावी लागत नाही. पाश्चात्त्य देशांत अनेक ख्रिस्ती कुटुंबे व रविवारच्या शाळा ही छोटी बाग करतात. येशूला ज्या कबरीत ठेवले ती एका बागेत होती, असे योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. त्या बागेची ही प्रतिकृती. साहित्य पाहिले तर सारेच ओळखीचे वाटते.

जुनी परात किंवा कुंडीखालची मोठी ताटली घ्यावी. तळाशी बारीक खडी पसरून त्यावर तीन-चार बोटे माती घालावी. माती एका बाजूला उंच करून टेकडी करावी. संक्रांतीचे एखादे सुगड घरात उरलेले असेलच. ते आडवे ठेवून अर्धे मातीत पुरावे, तोंड बाहेर राहू द्यावे. ही झाली कबर. तिच्या तोंडावर बसेल असा एक चपटा, गोलसर दगड मुलांनीच शोधून आणावा. टेकडीवर खराट्याच्या काड्यांचे तीन क्रूस दोऱ्याने बांधून रोवावेत. वाटेसाठी वाळू आणि उत्तनच्या किनाऱ्यावरच्या रिकाम्या शिंपल्या पुरेशा आहेत.

मग पेरणी. किल्ल्यावर पेरतात तेच अळीव आणि मोहरी येथेही उपयोगी पडतात. अळिवाचे बी भिजले की त्याभोवती चिकट आवरण तयार होते, त्यामुळे ते उतारावरही घसरत नाही. बी दाट विखरून टाकावे, वर माती दाबू नये, पाणी हाताने शिंपडावे. तांब्याने ओतल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. दोन-तीन दिवसांत अंकुर दिसतात आणि आठवड्याभरात हिरवी लव उभी राहते. म्हणून पेरणीचा दिवस झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, असा धरला की हिशेब बरोबर जमतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात ताटली गच्चीवर ठेवू नये. खिडकीतली सावली आणि दिवसातून दोनदा पाणी एवढे पुरते.

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी मुलांनी दगड कबरीच्या तोंडावर लावावा. रविवारी पहाटे, मुले उठण्यापूर्वी, घरातल्या मोठ्यांनी तो बाजूला सारून ठेवावा. आत कापसाचा किंवा पांढऱ्या कापडाचा लहानसा तुकडा तेवढा घडी करून ठेवावा. लहान मुलाला पुनरुत्थानाची कथा सांगायची असेल, तर त्या रिकाम्या सुगडापेक्षा सोपे साधन मिळणे कठीण.

ताटलीभर माती ठेवायला जागा नसेल, तर अंड्याच्या अर्ध्या कवचांतही हेच करता येते. कवचाला खाली सुईने भोक पाडावे, आत ओला कापूस घालून अळीव पेरावे आणि बाहेरून शाईने डोळे-नाक काढावे. चार दिवसांत डोक्यावर हिरवे केस येतात. धार्मिक अर्थ याला फारसा नाही, पण मुलांचा सर्वांत आवडता प्रकार हाच ठरतो.

झावळी

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित झालेल्या पाती हाती घेऊन मिरवणूक निघते. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या घेऊन त्याचे स्वागत केले, त्याची ही आठवण. पालेस्टाईनमध्ये त्या खजुरीच्या होत्या. कोकणपट्टीत नारळाच्या झाल्या. घरी आणलेली पात अनेकजण देवघराच्या क्रुसामागे वर्षभर खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या आरंभी, राखेच्या बुधवारी, कपाळावर लावायची राख अशाच जुन्या पाती जाळून तयार केली जाते.

पातीचा क्रॉस करायला दहा मिनिटे लागतात. नारळाच्या झावळीची एक लांब पात घेऊन मधला हीर काढून टाकावा. दोन पट्ट्या मिळतात. एक पट्टी सुमारे तीस सेंटीमीटर कापून मधोमध दुमडावी, हा उभा दांडा. दुसरी वीस सेंटीमीटर कापून तशीच दुमडावी, हा आडवा. उभ्या दांड्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापाशी आडवी पट्टी मागून टेकवावी. पातीची दोऱ्याएवढी बारीक फीत काढून ती सांध्यावरून तिरकी, मग उलट बाजूने तिरकी अशी दोन-तीन वेळा फिरवावी व मागे गाठ मारावी. पात वाळलेली असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवून मऊ करून घ्यावी, नाहीतर दुमडताना तडकते. हीर फेकू नयेत, बागेतल्या क्रुसांना ते चालतात.

एक गोष्ट मात्र मुलांना सुरुवातीलाच सांगायला हवी. कोवळी, पिवळसर पात सर्वांत चांगली वळते, म्हणून झाडाच्या शेंड्यातली न उमललेली पात काढण्याचा मोह होतो. नारळाला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्यात असतो. त्याला इजा झाली की फुटवा येत नाही. सारे झाडच जाते. उत्तनच्या दिशेने झाडे आधीच कमी होत आहेत. मेट्रो-९ मार्गिकेची कारशेड प्रथम राई-मुर्धा-मोरवा परिसरात नियोजित होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीला नेण्याचे ठरले आणि तेथे झाडे तोडण्यालाही मोठा विरोध झाला. अशा परिसरात सणासाठी शेंडा कापणे शोभणारे नाही. खालच्या बाजूची, आपोआप लोंबू लागलेली हिरवी झावळी किंवा छाटणीत पडलेली फांदी यांतून एका वाडीच्या मुलांना पुरतील इतक्या पाती निघतात. क्रॉस झाल्यावर उरलेल्या पातीच्या भिंगऱ्या आणि पिपाण्या कराव्यात. आजोबांना त्या येतात. नातवंडांना येतीलच असे आता सांगता येत नाही.

अंडी का रंगवतात

मध्ययुगीन युरोपात चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नव्हता. त्यामुळे ईस्टरपर्यंत घरोघरी अंडी साठत आणि सणाच्या दिवशी ती रंगवून वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चात ४५० अंड्यांसाठी अठरा पेन्स मांडलेले आहेत. ती सोन्याच्या वर्खाने व रंगाने सजवून दरबारी मंडळींना दिली गेली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अंडी लाल रंगवतात. युक्रेनमधील मेणाची नक्षी काढून रंगात बुडवण्याची पद्धत आपल्याकडच्या बाटिकसारखी आहे. २०२४ साली युनेस्कोने या ‘पिसांका’ कलेचा आपल्या वारशाच्या यादीत समावेश केला. चॉकलेटचे अंडे त्या मानाने अगदी अलीकडचे, एकोणिसाव्या शतकातले.

घरी रंगवण्यासाठी पॉलिशसारखे रंग आणण्याचे कारण नाही. दहा-बारा कांद्यांच्या सुक्या साली एक लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळाव्यात, पाणी गाळून त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे आणि त्याच पाण्यात अंडी दहा-बारा मिनिटे उकडावीत. विटकरी, तपकिरी असा गडद रंग चढतो. हळदीच्या पाण्यात पिवळा येतो. जांभळ्या कोबीच्या गाळलेल्या पाण्यात उकडलेले अंडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर चक्क निळे होते. बीटचा गुलाबी रंग मात्र फसवा आहे, वाळल्यावर तो मळकट दिसतो. पांढऱ्या कवचावर रंग खुलतात. गावरान अंड्यावर कांदा चालेल, कोबी चालणार नाही.

व्हिनेगर कशासाठी, हा प्रश्न मुले विचारतातच. अंड्याचे कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याचाच प्रकार. आम्लाने त्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि रंग धरून राहतो. अंडे निव्वळ व्हिनेगरमध्ये दिवसभर ठेवले तर बुडबुडे येत येत कवचच विरघळते.

नक्षीची युक्ती सोपी आहे. कोथिंबीर, मेथी किंवा चिंचेचे लहान पान ओले करून अंड्यावर चिकटवावे, जुन्या पातळ मलमलीत किंवा मोज्यात अंडे घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधावे आणि मग कांद्याच्या पाण्यात उकडावे. सोडल्यावर गडद रंगावर पानाची पांढरी छाया उमटलेली असते. शेवटी तेलाचा बोट फिरवला की चकाकी येते.

येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. उकडलेले अंडे साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. एप्रिलमधील भाईंदरला दुसरा नियमच लागू पडतो. शोभेसाठी टोपलीत मांडायची अंडी वेगळी आणि खायची वेगळी ठेवावीत. खायची फ्रिजमध्ये, आणि तीही आठवड्याच्या आत संपवावीत. अंडे पोकळ करायचे असल्यास दोन्ही टोकांना भोके पाडून तोंडाने फुंकण्याची जुनी पद्धत टाळावी. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. सुई नसलेली स्वच्छ सिरिंज हे काम अधिक नीट करते.

ज्या घरात अंडे चालत नाही, तेथे गणपतीच्या शाडू मातीची अंडी वळून वाळवावीत व रंगवावीत. 

मिठाचे दागिने

मिठागरांच्या गावात मिठाच्या कणकेचा उल्लेख टाळता येणार नाही. ‘आगर’ या शब्दावरूनच आगरी हे नाव आल्याचे मानले जाते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे, एक वाटीपेक्षा थोडे कमीच, पाणी घेऊन घट्ट मळावे. खडे मीठ असेल तर मिक्सरमधून काढावे. पोळीसारखे लाटून ससे, मेंढरे, मासे, कबुतरे कापावीत, दोरीसाठी भोक पाडावे आणि तीन-चार दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवावीत. नंतर रंग. मीठ हवेतला ओलावा ओढते, तेव्हा रंगावर वॉर्निशचा किंवा बिनरंगी नेलपॉलिशचा हात दिला नाही तर जूनमध्ये सशाचे कान लोंबू लागतात. ही कणीक खाण्याची नाही. एवढे मीठ लहान मुलाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेले तर ते धोक्याचे असते.

खाण्याचे अंडे

ईस्ट इंडियन घरांत ईस्टरच्या ताटात फुगे आणि मांसाचे पदार्थ असले, तरी मुलांचे लक्ष असते ते मार्झिपानच्या अंड्याकडे. मूळ युरोपी पदार्थ बदामाचा. येथे तो काजूचाही झाला. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी मंद आचेवर, कडा सुटेपर्यंत घोटून गोळा करतात. बलक वगळून एकतारी पाकात काजूपूड घोटली, तर जे होते ते काजूकतलीचे सख्खे भावंड. घोटण्याचे काम मोठ्यांचे. गरम गोळा हाताला चिकटला तर पोळतो. कोमट झाल्यावर मुलांना द्यावा. साचा असल्यास त्यात पिठीसाखर भुरभुरून गोळा दाबावा, दोन अर्ध्या वाट्या काढून पिठीसाखर व पाण्याच्या घट्ट लेपाने जोडाव्यात. साचा नसला तर दोन तळव्यांमध्ये वळलेले अंडेही चालते, थोडे वाकडे होते इतकेच. वर ज्याचे त्याचे नाव साखरेच्या लेपाने लिहितात. पुढे शेजारच्या मुलांची नावेही याच बैठकीत लिहून टाकावीत. मोरव्याहून डोंगरीला डबा न्यायला रिक्षाने फार वेळ लागत नाही.