पोट उघडण्याआधी

राळेगणसिद्धीहून पारनेर जवळ, नगर शहर त्यापुढे आणि पुणे नव्वदेक किलोमीटरवर. अंडाशयात गाठ निघालेल्या बाईने यांपैकी कोणता रस्ता धरावा, हे आज शस्त्रक्रियेआधीच बऱ्याच अंशी ठरवता येते. गाठ साधी असेल तर जवळचे स्त्रीरोगतज्ज्ञ पुरेत. कर्करोगाची शंका असेल तर पहिलीच शस्त्रक्रिया त्यातल्या जाणकाराकडे व्हावी, कारण अंडाशयापुरती असलेली कर्करोगाची गाठ काढताना फुटली तर आजार तिथल्या तिथे वरच्या टप्प्यात मोजला जातो. सुई घालून तुकडा तपासणे म्हणूनच सहसा टाळतात. गाठ बाहेरूनच ओळखायची ही धडपड पाहायला आपल्याला पार चरकसंहितेपर्यंत मागे जावे लागते.

चिकित्सास्थानात रक्तगुल्माचे वर्णन आहे. हा आजार केवळ स्त्रियांचा आणि गर्भाचा भास करून देणारा. गर्भ हातापायांनी हलतो, हा गोळा मात्र अख्खाच स्पंदतो. तरीही उपचार दहावा महिना उलटल्यावरच करावेत, असे संहिता सांगते. रक्तगुल्म म्हणजे अंडाशयाचीच गाठ, असे म्हणणे ओढाताणीचे होईल. पण काळालाच चाचणी करण्याची ही युक्ती विलक्षण आहे, आणि पुढे कित्येक शतके तिच्यापलीकडे फारसे कोणी गेले नाही. १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंना दिवस उलटून गेलेली गरोदर समजले गेले होते. एफ्रेम मॅकडॉवेल यांनी तपासून ती अंडाशयाची गाठ असल्याचे सांगितले. बाई साठ मैल घोड्यावरून डॅनव्हिलला गेल्या आणि भुलीशिवाय साडेबावीस पौंडांची गाठ काढून घेऊन पुढे तीस वर्षांहून अधिक जगल्या. गाठ कसली, हे मात्र पोट उघडल्यावरच कळायचे.

तो पडदा ग्लासगोत बाजूला झाला. धातूतल्या भेगा शोधणारे ध्वनियंत्र इयन डोनाल्ड यांनी पोटाकडे वळवले. पोटाचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका बाईच्या पोटात त्यांना अंडाशयाची मोठी गाठ दिसली. ती काढल्यावर बाई बरी झाली. त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट यांच्या चमूने अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारे सीए-१२५ हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड घडवले. पण त्याचा रक्तातला आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या क्षयातही चढतो, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

म्हणून १९९० मध्ये इयन जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी तीन गोष्टींचा गुणाकार मांडला: सोनोग्राफीचे गुण, पाळी गेली की नाही याचे गुण आणि सीए-१२५. दोनशेच्या वर गेले की धोका मोठा. पाळी गेलेल्या बाईच्या सोनोग्राफीत दोन संशयास्पद खुणा असतील, तर सीए-१२५ अवघे ३० असूनही तीन गुणिले तीन गुणिले तीस म्हणजे २७० होतात, आणि ३५ पर्यंतचा आकडा तर प्रयोगशाळा नेहमीचाच मानते. मला या मागोव्यातले हे सर्वांत देखणे वळण वाटते.

१९९९ साली टिमरमन, व्हॅलेंटिन आणि बोर्न यांनी ‘आयोटा’ गट उभारून सोनोग्राफीची भाषाच एकसारखी केली. त्यातूनच २०१४ मध्ये ‘अ‍ॅडनेक्स’ हे गणित आले. वय, गाठीचा आकार, घन भाग, आतले अंकुर, कप्पे, जलोदर असे नऊ घटक त्यात धरतात. तपासणी कर्करोग केंद्रात झाली की साध्या रुग्णालयात, हाही त्यांपैकी एक. सीए-१२५ नसला तरी ते चालते, म्हणजे तालुक्याच्या सोनोग्राफी केंद्रातही मांडता येते. अट एकच, रिपोर्टमध्ये गाठीचे हे सगळे वर्णन हवे; नुसते ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ लिहिलेल्या कागदावरून यांतले एकही गणित सुटत नाही.